नॉर्वेतली संकष्टी

परत आल्यापासून पनवेलजवळच्या विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत जो तो मला एकच विचारतो, "काकू, आकाशातले ते हिरवे दिवे पाहिले का हो?" नाही पाहिले. ते हिवाळ्यात दिसतात आणि मी गेले मे महिन्यात. मे अखेरीला नॉर्वेच्या उत्तर टोकाला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे सूर्य. सकाळी सूर्य, संध्याकाळी सूर्य, झोपायला जावं तर खिडकीत हजर सूर्य. त्याशिवाय मी काय पाहिलं, तर तिथल्या इस्पितळाचं छत. पांढरंशुभ्र, एकाही कोपऱ्यात जळमट नाही. हे ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं, म्हणजे लिफ्टमध्ये अर्धवट सांगायला नको.

मी गेले होते मुक्ताच्या बाळंतपणाला. मुक्ता माझी एकुलती एक लेक. जावई निशांत उरणच्या कोळीवाड्यातला. आजोबा, वडील मासेमारीतले. हा शिकून इंजिनीअर झाला आणि नोकरी कुठे धरली, तर नॉर्वेत, समुद्रात जाळ्यांचे मोठाले पिंजरे टाकून मासे पाळणाऱ्या कंपनीत. "फिरून फिरून दर्यावरच गेला ना माजा पोर?" असं त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, म्हणतात.

मुक्ताचं आधी एकदा पाचव्या महिन्यात बिनसलं होतं. हातातोंडाशी आलेला घास गेला. तेव्हा मी इकडे आणि ती तिकडे, फोनवर तिचं रडणं ऐकण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. म्हणून या खेपेला बातमी कळली त्याच दिवशी मी गणपतीसमोर बसले आणि बोलून टाकलं: पोरगी सुखरूप सुटून तिचा सव्वा महिना होईपर्यंत दर संकष्टी कडक करीन. साबुदाणा नाही, वरी नाही, शेंगदाण्याचा लाडू नाही. सकाळचा चहा घ्यायचा आणि नंतर थेट चंद्र बघून जेवायचं.

आता मला साखरेचा आजार. पण सारी नोकरी पाणी खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकण्यात घालवलेली बाई मी, मला कोण समजावणार? आमचे पनवेलचे डॉक्टर त्या फंदात पडलेच नाहीत. म्हणाले, "उपास तुम्ही सोडणार नाही, मला माहितेय. मग निदान त्या दिवशी सकाळची गोळी घेऊ नका. पोटात अन्न गेल्यावरच ती गोळी, नाहीतर साखर एकदम खाली जाईल." एवढं मी इमानेइतबारे पाळत होते. घरी.

उजेडाचं गाव

गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. समुद्राचा एक फाटा डोंगरांमधून आत घुसलेला, त्याच्या काठाला लाकडी घरं, लाल नाहीतर पिवळी. डोंगरांवर बर्फ आणि खाली रस्त्याकडेला नुकती फुटलेली कोवळी पालवी. पनवेलच्या एसटी स्टँडवर एका वेळी जेवढी माणसं उभी असतात, तेवढी त्या अख्ख्या गावात नसतील. आणि जी आहेत ती बोलत नाहीत. बसथांब्यावर दोघं उभी असली तर मधे म्हैस उभी राहील एवढं अंतर ठेवून. मी आपली सवयीने एका आजीबाईंना हसून नमस्कार केला, तर त्या दचकून मागे सरल्या. नंतर मुक्ता म्हणाली, "आई, इथे अनोळखी माणसाकडे बघून हसलं तर त्यांना वाटतं, ही प्यायलीय."

एक गोष्ट मात्र आवडली. घरात शिरताना सगळे पायताण दाराशी काढतात, अगदी आपल्यासारखं.

आणि एक मुळीच आवडली नाही. एका दुकानाबाहेर बाबागाडी उभी, आत तान्हं बाळ गाढ झोपलेलं, आणि आई काचेपलीकडे कॉफी पीत बसलेली. बाहेर एवढी थंडी, माझ्या अंगात दोन स्वेटर! मी बाबागाडीजवळ पहाऱ्याला उभी राहिले. मुक्ताने मला हाताला धरून नेलं. "इथे असंच झोपवतात. मोकळ्या हवेत बाळं छान झोपतात." मी म्हटलं, "माझ्या नातवंडाला असं उघड्यावर टाकायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते." ती नुसती हसली. आपल्याकडे कुंची, दुपटी, बंद खिडक्या, वर शेगडीचा शेक. दोन टोकं नुसती.

विहीणबाईंनी लेकासाठी माझ्याबरोबर वाळवलेल्या कोलंबीचे सोडे दिले होते. पहिल्याच रविवारी मी कांदा परतून ते कढईत टाकले, आणि छतावरचं धुराचं यंत्र असं बोंबलायला लागलं की शेजारची तीन घरं बाहेर आली. निशांत खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, मुक्ता पोट धरून हसतेय आणि मी झारा हातात घेऊन सगळ्यांची माफी मागतेय, मराठीत. दुपारी निशांत आम्हाला गावाबाहेर घेऊन गेला. तिथे लाकडी मांडवांवर डोकं उडवलेले मोठे मासे शेपटांनी जोडून वाळत घातलेले. वास म्हणाल तर थेट उरणचा. निशांत म्हणाला, "आई, मला घरची आठवण आली ना, की मी इथे येऊन उभा राहतो." मलाही तिथे बरं वाटलं.

संकष्टीचा दिवस

मुक्ताने तिथे माझ्या गोळ्यांचा कारभार स्वतःकडे घेतला होता. रोज सकाळी डबीतून गोळी काढायची आणि पाण्याच्या पेल्यासकट माझ्या हातात द्यायची. कडक उपासाचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने मला पुढच्या विमानात बसवलं असतं. तिची समजूत, आई नेहमीसारखी साबुदाण्याची खिचडी खाते.

संकष्टी आली. निशांत आदल्या दिवशीच समुद्रातल्या पिंजऱ्यांच्या कामाला गेला होता, परवा येणार होता. सकाळी मुक्ता गोळी घेऊन समोर उभी. गोळी नको म्हणावं तर का नको, ते सांगावं लागणार. नववा महिना लागलेल्या पोरीशी सकाळी सकाळी वाद कशाला? एक दिवस काय होतंय, म्हणत मी गिळून टाकली.

"खाल्लंस ना काही?"

"हो गं, खाल्लं."

इतकं सहज तोंडातून गेलं की मलाही खरं वाटलं.

दुपारी दोघी समुद्राकाठी फिरून आलो. साडेसहाच्या सुमाराला मुक्ता जरा आडवी झाली आणि ह्यांचा पनवेलहून फोन आला. तिकडे रात्रीचे दहा वाजलेले.

"अगं, गच्चीवर आहे मी. डोंगरामागून चंद्र वर आला. आता मी जेवतो, तूही ताट वाढून घे."

"अहो, मी पनवेलला आहे का? मी इथला चंद्र बघून जेवणार."

"चंद्र काय दोन आहेत?"

"एकच आहे, पण ज्या त्या गावाची वेळ निराळी. कॅलेंडरात बघा, मुंबईची वेगळी देतात, नागपूरची वेगळी देतात."

"आधी पोटोबा, मग विठोबा. लोक काय वेडे म्हणून बोलून गेले?"

"विठोबा नाही, गणपती आहे हा," असं म्हणून मी फोन ठेवला. भांडणात शेवटचा शब्द माझा असला की मला बरं वाटतं.

मग मी फोनमध्ये तिथल्या चंद्रोदयाची वेळ शोधली. वेळेच्या जागी नुसती आडवी रेघ. म्हटलं, नेट गेलं असणार. शाल घेऊन बाल्कनीत उभी राहिले. लख्ख ऊन, डोंगरावर बर्फ चमकतंय, चंद्राचा पत्ता नाही. थोड्या वेळाने कपाळावर घाम आला. थंडीत घाम कसला, असा विचार केल्याचं आठवतं. हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. आत जाऊन साखरेचा डबा काढावा, हे कळत होतं, पण डबा कुठे असतो हे आठवेना. विचुंब्याच्या ओट्यावरचा आठवत होता, तिथला आठवत नव्हता. त्यापुढचं मला काही माहीत नाही.

पुढचं मुक्ताचं. धप्प आवाज झाला म्हणून ती उठली, तर मी बाल्कनीच्या दारात आडवी, घामाने चिंब, डोळे अर्धे उघडे आणि "मीटर बंद आहे, उद्या या" असं काहीतरी पुटपुटतेय. नऊ महिने भरत आलेली पोरगी, तिला मला उचलता येईना. तिने फोन लावला आणि जमिनीवर बसून माझं डोकं मांडीवर घेतलं. फोनवरची बाई शांतपणे एकेक विचारत होती आणि ही रडत रडत उत्तरं देत होती. रुग्णवाहिकेतून दोघं आले ते बूट घालून थेट आत. बोटाला सुई टोचली आणि एकमेकांना सांगितलं, दोन पूर्णांक काहीतरी. मुक्ताला वाटलं, यंत्र बिघडलं. आपल्याकडे साखर शंभरात मोजतात, तिथलं माप निराळं, हे तिला त्या क्षणी कुठलं सुचायला? मग तिने त्यांचे चेहरे पाहिले आणि तिच्या पोटात कळ आली.

त्यांनी तिलाही उचलून गाडीत घातलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा.

छत

शुद्धीवर आले तेव्हा ते पांढरं छत. हातात सलाईन. शेजारी साध्या शर्टातली, केस वर बांधलेली एक बाई. मला वाटलं नर्स, तर त्याच डॉक्टर. "मी इंग्रिड," म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना नुसतं इंग्रिड म्हणायला माझी जीभ रेटेना. मी शेवटपर्यंत मॅडमच म्हटलं.

पहिला प्रश्न मी विचारला, "माझी मुलगी कुठे आहे?"

"पलीकडच्या खोलीत. सुईण तिच्याजवळ आहे. तिचं पोट कडक झालंय, बाळाचे ठोके बघताहेत. थोडा वेळ लागेल."

थोडा वेळ. तो कसा गेला ते माझं मलाच माहीत. ज्या पोरीच्या सुखरूपतेसाठी मी पोटाला चिमटा घेतला, तिलाच मी इस्पितळात आणून टाकलं होतं. आधीचं ते पाचव्या महिन्यातलं सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं. मी रडले. अगदी हुंदके देऊन रडले. डॉक्टर उठून गेल्या नाहीत, खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाही, असं तुमची मुलगी म्हणते. तिला हे आत्ता वडिलांकडून फोनवर कळलं. का नाही खाल्लं?"

माझं इंग्रजी सरकारी अर्जापुरतं. तरी मी सांगितलं. देव, नवस, पोरगी, चंद्र दिसला की जेवण. त्या नीट ऐकत होत्या. मग खिडकीकडे बघून म्हणाल्या, "पण चंद्र तर या आठवड्यात इथे उगवतच नाही."

"म्हणजे?"

"या दिवसांत सूर्य मावळत नाही ना, तसा पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र क्षितिजाच्या वर येत नाही. बरेच दिवस दिसणार नाही."

मी ज्याची वाट बघत होते तो येणारच नव्हता! म्हणजे ती आडवी रेघ बरोबर होती. उभा जन्म संकष्ट्या केल्या, पण चंद्र उगवतच नाही असं गाव असेल, हे आमच्या आईला, आजीला, गुरुजींना, कुणाला ठाऊक होतं?

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "रमजान उन्हाळ्यात आला होता तेव्हा आमचे मुस्लिम पेशंटही अडचणीत आले होते. सूर्यच मावळत नाही, तर रोजा सोडायचा कधी? मग त्यांच्यातले बरेच जण मक्केची वेळ पाळायला लागले. तुमचं तसं गाव कुठलं?"

मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

"पनवेल," मी म्हटलं.

"पनवेलला चंद्र उगवला का?"

"हो. मिस्टरांनी फोन करून सांगितलं होतं."

"मग तुमचा उपास केव्हाच सुटला," त्या म्हणाल्या आणि बाहेरून एक बशी घेऊन आल्या. जाड पाव, त्यावर लोणी आणि गुळासारख्या रंगाचं, गोडसर चीज. मी बशीला हात लावला नाही. पलीकडच्या खोलीतून काही कळल्याशिवाय घास उतरणार नव्हता. त्यांनी ते ओळखलं असावं. मला चाकांच्या खुर्चीत बसवलं, सलाईनचा खांब स्वतः धरला आणि पलीकडे नेलं.

मुक्ता डाव्या कुशीवर निजली होती. पोटाला पट्टे, बाजूला यंत्र, आणि त्यातून आवाज येत होता, धावत्या घोड्यासारखा, भरभर, एकसारखा. सुईणीने माझ्याकडे बघून मान डोलावली. बाळ ठीक, कळा थांबल्या. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या खोलीत कळलं. मग मी ती बशी संपवली. चीज काही खास नव्हतं, पण एवढं गोड अन्न मी जन्मात खाल्लेलं नाही.

मुक्ता मी खाऊन होईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "सकाळी मी तुला विचारलं होतं आई. तू हो म्हणालीस." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

गोळीचा अंमल बराच वेळ राहतो म्हणून मला त्यांनी ठेवून घेतलं. सारखे येऊन बोट टोचायचे, रस पाजायचे, पाव द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंचा उरणहून फोन आला. निशांतकडून त्यांना सगळं कळलं होतं.

"विहीणबाई, बऱ्या हाव ना? आता माजं आयका. आमच्या घरात बोटीवर जानाऱ्याला उपास नाय. तो घरी बसलेल्यानं करायचा. बोटीवरच्याच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो, त्यानं पोटभर जेवायलाच पायजे. तुमी आता बोटीवर हाव, असं समजा."

"अहो पण नवस बोललेय मी..."

"तो मी करतंय ना! देवाला सांगून ठेवलंय, उरलेली संकष्टी माजी. मला ना साखर, ना बीपी, ना काय. चंद्र पन आमच्याकडं येलेवर उगवतो."

मी फोन कानाला लावून नुसती मान हलवत राहिले. त्यांना काय दिसणार होतं?

पुढची संकष्टी

पुढे दोन आठवड्यांनी मुक्ता बाळंत झाली. मुलगी. सुखरूप. त्याच सुईणीने सगळं केलं, आणि बाळ माझ्या हातात दिलं तेव्हा तिला मी बरोबर ओळखलं, तिनेही मला ओळखलं. तिने आधी विचारलं काय, तर "आज जेवलात का?"

घरी आल्यावर डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, तेल लावणं, सगळं मी केलं. मुक्ता करू देत होती. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती बाळाला माझ्यापाशी एकटं सोडत नव्हती. निशांत घरात असला तरच अंघोळीला जायची, नाहीतर दार उघडं ठेवून. एकदा मी म्हटलं, "दूध संपलंय, तू जरा मोकळ्या हवेत जाऊन ये, मी आहे ना." तर म्हणाली, "नको. निशांत येताना आणेल." ती बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. मग एकदम म्हणाली, "तू पुन्हा पडलीस तर? बाळ हातात असताना?" तिचं चुकत नव्हतं. पण फार लागलं मला. बाळाला सांभाळायला म्हणून सात समुद्र ओलांडून आले, आणि बाळाजवळ मलाच सांभाळायला माणूस लागत होतं.

संकष्टी पुन्हा आली. त्या दिवशी मुक्ताला टाके दाखवायला दवाखान्यात जायचं होतं आणि निशांतला ऐन वेळी पिंजऱ्यांवरून बोलावणं आलं. तो गेला. मुक्ता सोफ्यावर बाळाला घेऊन बसून राहिली, फोनवर तारीख पुढे ढकलता येते का बघत.

मी स्वयंपाकघरात गेले. भात लावला, वरण केलं, वर तूप, बाजूला लिंबाचं लोणचं. ताट वाढून घेतलं आणि तिला दिसेल असं टेबलावर बसून जेवायला लागले. संकष्टीला दिवसाढवळ्या भात खाण्याची माझी ती पहिलीच वेळ. पहिला घास घशात अडकला, खोटं का बोलू? मनात म्हटलं, गणराया, आज तिकडे उरणला बघ, तिथे एक बाई तुझ्यासाठी उपाशी आहे. मी बोटीवर आहे. मग दुसरा घास गेला, आणि नंतर मी भात पुन्हा वाढून घेतला. जेवणावर गोळी घेतली.

मुक्ता बघत होती. थोड्या वेळाने उठली, खोलीत गेली, जाकीट घालून आली.

"आई, जेवलीस?"

"जेवले."

तिने माझ्यामागे वाकून सिंकमधलं खरकटं ताट पाहिलं. भांड्यात भात किती उरलाय, तेही पाहिलं. मग बाळ माझ्या हातात दिलं, दाराशी बसून बूट घातले आणि बाहेरून दार ओढून घेतलं.